अटलांटिकच्या कडेकडेने हिमालयन : ठरवले २५०० किमी, झाले किती ते वाचा

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा हात उचललाय, सांभाळून घ्या. मी मूळचा गुहागरकडचा, सहा वर्षं झाली डब्लिनमध्ये. गेल्या जूनमध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने, म्हणजे इथे ज्याला वाईल्ड अटलांटिक वे म्हणतात त्या रस्त्याने, एकट्याने बाईकवर गेलो त्याची ही गोष्ट.

आधी थोडक्यात ओळख. हा रस्ता म्हणून कोणी नवीन बांधलेला नाही, होते तेच गावातले, डोंगरातले, बांधावरचे रस्ते २०१४ मध्ये एका नावाखाली जोडले आणि पाट्या लावल्या. खाली कॉर्कमधल्या किन्सेलपासून वर डोनेगलच्या टोकापर्यंत साधारण २५०० किमी. पाटीवर लाटेसारखी नागमोडी खूण असते आणि कंसात एन किंवा एस, म्हणजे तुम्ही वर चाललाय की खाली. नकाशात बघितलंत तर हा किनारा म्हणजे पंजा पसरून ठेवल्यासारखा आहे, एकेक बोट समुद्रात घुसलेलं, आणि रस्ता प्रत्येक बोटाच्या टोकाला जाऊन परत मुळाशी येतो. त्यामुळे आकाशातून तीस किमीवर दिसणारं गाव रस्त्याने दीडशे किमी पडतं. हे मला कागदावर माहीत होतं. कागदावरच.

बाईक रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, सेकंडहँड. २४ बीएचपी, जवळपास २०० किलो वजन, १५ लिटरची टाकी. इथली मंडळी मोठाल्या जर्मन गाड्या घेऊन फिरतात, पेट्रोल पंपावर आमच्याकडे बघून "ही इंडियन ना?" विचारतात आणि मग दहा मिनिटं जात नाहीत. माझं प्लॅनिंग असं होतं की दहा दिवस, रोज २५०, संपला विषय. मुंबई गुहागर एका दमात मारणाऱ्याला २५० काय? तर ऐका.

पहिल्या दिवशी डब्लिन ते किन्सेल, मोटरवे, लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी खरा रस्ता सुरू झाला आणि मला संध्याकाळपर्यंत १६० किमी झाले तेव्हा गणित कळलं. रस्ता एवढा अरुंद की मधोमध गवत उगवलेलं, दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याच्या वर फुशियाची कुंपणं, लाल लोंबती फुलं, आयरिशमध्ये त्याला देवाचे अश्रू म्हणतात. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, ट्रॅक्टर असतो, मेंढ्या असतात, नाहीतर भाड्याच्या गाडीत रडकुंडीला आलेला टुरिस्ट असतो. तिसऱ्या चौथ्या गियरच्या वर जायचं कामच नाही. समोरचा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, नमस्कार म्हणून. पहिल्या दिवशी मी अख्खा हात हलवत होतो, दुसऱ्या दिवशी मी पण बोटावर आलो.

एक गोष्ट मात्र बरोबर जमली, ती म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेला जाणं. इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे वर जाताना समुद्र तुमच्या बाजूला, मधे दुसरी लेन नाही. मुंबईहून खाली गावाला जाताना उलटं असतं, समुद्र कायम समोरून येणाऱ्या ट्रकच्या पलीकडे.

मिझन हेड (हेड म्हणजे समुद्रात घुसलेलं टोक) बघून मी शीप्स हेडच्या वाटेला लागलो ते एका जागेसाठी. अहाकिस्ता नावाचं अगदी छोटं गाव आहे, खाली खाडीसारखं संथ पाणी. २३ जून १९८५ ला मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला येणारं एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटाने ह्याच समुद्रावर पडलं, ३२९ माणसं होती, एकही वाचलं नाही. त्यांचं स्मारक ह्या गावात आहे. एक सूर्यघड्याळ, बाग, आणि भिंतीवर नावं. दरवर्षी २३ तारखेला सकाळी इथे लोक जमतात, नातेवाईक येतात, गावातले लोक पण येतात. मी पोचलो २५ ला. फुलं होती अजून, काही प्लॅस्टिकसकट ओली झालेली, आणि एका कोपऱ्यात कोणीतरी निरांजन ठेवलेलं, तेल संपून त्यात पावसाचं पाणी साठलेलं. मी नावं वाचायला लागलो वरून खाली. एकाच आडनावाची चार नावं, मग खाली पाच, घरंच्या घरं गेलेली. तिथून पुढे वाचलं नाही. हेल्मेट हातात घेऊन बसलो अर्धा तास. एक म्हातारी बाई कुत्रा घेऊन आली, माझ्याकडे बघून "तुमचं कोणी?" एवढंच विचारलं. नाही म्हटलं. तर मान डोलावून बाजूला बसली, काही न बोलता.

पुढचं दुसऱ्या भागात टाकतो, जेवायला बोलावणं आलंय.

मेतकूट

वाचतेय. सुंदर लिहिताय. कनिष्कचं माहीत होतं पण स्मारक एवढ्या लहानशा गावात आहे हे माहीत नव्हतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासूर

फोटो कुठायत? आणि एक शंका. हिमालयनवर २५० रोज होत नाहीत म्हणजे काय? आम्ही स्प्लेंडरवर कोल्हापूर ते गोकर्ण एका दिवसात गेलोय.

गियरबदल

शंकासूर, स्प्लेंडरचा अपमान करू नका, ती कुठेही जाते. पण १६० कसे होतात ते आंबोली ते रेडी अशा गावातल्या रस्त्यांनी दिवसभर वर खाली करून बघा म्हणजे कळेल.

@खाडीपलीकडचा, ४११ ला ट्यूबवाली टायरं आहेत, तारांचं चाक. स्पेअर काय ठेवलं होतं ते लिहा पुढच्या भागात. मला वास येतोय.

खाडीपलीकडचा

गियरबदल, तुमचं नाक भारी आहे. येतोच तिकडे.

भाग दुसरा. फोटो मोबाईलमध्येच आहेत, वेळ मिळाला की टाकतो.

त्या पंजाचं पुढचं बोट म्हणजे बेरा. ह्याच्याच टोकाला डर्सी बेटावर जायला केबल कार आहे, आयर्लंडमधली एकुलती एक, १९६९ ची, खाली फेसाळता समुद्र. ह्या बेराला मधोमध कापणारा हीली पास म्हणून घाट आहे. मंडळी, वळणं बघून मला वरंधची आठवण झाली, पण झाड एक नाही, नुसता उघडा खडक आणि पिवळट गवत, वरून खाली सगळा रस्ता सांडलेल्या दोरीसारखा दिसतो. हा रस्ता १८४७ मध्ये बटाट्याच्या दुष्काळात उपाशी लोकांना काम द्यायचं म्हणून काढलेला. उपाशी माणसाकडून खडक फोडून घेतला आणि आपण त्याच्यावर बाईक झुकवून गुडघा टेकवायचे चाळे करतो. मेंढ्या मात्र निवांत, रस्त्याच्या मध्यावर रवंथ करत, पाठीवर कोणाच्या निळा रंग कोणाच्या लाल, मालक ओळखू यावा म्हणून. हॉर्न दिला तर तुच्छतेने बघतात.

रिंग ऑफ केरीबद्दल कोणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. १७९ किमीचा गोल, आणि टुरिस्ट बसेस सगळ्या घड्याळाच्या उलट्या दिशेने जातात. मी खालून येत होतो म्हणजे सगळ्या बस माझ्या तोंडावर. दोन वेळा थांबून कुंपणात घुसलो. मग वॉटरव्हिलच्या पुढे स्केलिग रिंगला वळलो, तिकडे मोठ्या बसेस जातच नाहीत. पोर्टमगीवरून समोर स्केलिग मायकल दिसतं, समुद्रातून वर आलेला सुळका, त्याच्यावर सहाव्या शतकाच्या आसपास साधू जाऊन राहिले, दगडाच्या मधाच्या पोळ्यासारख्या झोपड्या बांधून. सहाशेच्या वर पायऱ्या आहेत म्हणे. म्हणे लिहितोय कारण बोट लाटांमुळे रद्द झाली.

आणि मग एक अख्खा दिवस पाऊस. आता मी कोकणातला माणूस, मला पावसाचं काय सांगता असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगून आलेलो. जवळच व्हॅलेन्शिया नावाची हवामान वेधशाळा आहे, तिथे वर्षाला दीडेक हजार मिमी पडतो, आमच्याकडे दुप्पट. पण आमचा पाऊस वरून खाली पडतो हो! हा डावीकडून उजवीकडे पडतो. पाऊस नाहीच हा, वारा आहे, आणि वाऱ्याबरोबर पाणी आलंय. कड्याच्या आडोशातून बाहेर आलात की वारा असा दणका देतो की बाईक एक हात बाजूला सरकते, तुम्ही भरपाई म्हणून त्याच्याकडे झुकून चालवता आणि मधेच एखादी भिंत किंवा ट्रक आला की वारा एकदम बंद, आणि तुम्ही झुकलेलेच. त्या एका सेकंदात पोटात जे होतं ते शब्दात नाही सांगता येत. म्हणून कोणी जाणार असाल तर माझं ऐका, पावसाचं अॅप बघू नका, वाऱ्याचं बघा. ताशी ५० किमीच्या झटक्यांच्या वर असेल तर चहा प्या आणि बसा. मी काहरसिव्हीनमध्ये बसलो. रेनसूट खोलीतल्या रेडिएटरवर, बूट रेडिएटरवर, मी पण जवळपास रेडिएटरवर.

डिंगल. गावाचं नाव गुगलवर डिंगल आणि पाटीवर अन डँगन. हा भाग गेलटाख्त, म्हणजे जिथे अजून घरात बाजारात आयरिश बोलतात तो पट्टा, इथे पाट्या फक्त आयरिशमध्ये. रस्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं "गो मॉल". मी म्हटलं वा, एवढ्या लांब मॉल? दोन वळणांनंतर परत गो मॉल. तिसऱ्या वळणाला मागचं चाक खडीवर सरकलं तेव्हा संशय आला. गो मॉल म्हणजे सावकाश.

स्ली हेडवरून ब्लास्केट बेटं दिसतात. १९५३ मध्ये सरकारने तिथली शेवटची माणसं उचलून इकडे आणली, पोरं कमी झाली, म्हातारे उरले, आजारी पडलं तर बोट लागायची नाही. घरांच्या भिंती अजून दिसतात दुर्बिणीतून. आमच्या वाडीत पंचवीस घरांतली सात उघडी आहेत, बाकी गणपतीला. जास्त लिहीत नाही.

टार्बर्टहून किलिमरला फेरीबोट, शॅनन नदीच्या मुखावर, वीस मिनिटं आणि १३७ किमीचा वळसा वाचतो. दाभोळ धोपावे फेरीबोटीचा थोरला भाऊ. बोटीवर चढताना लोखंडी फळीचा तोच खडखडाट, डिझेलचा तोच वास, आणि बाईक उभी केल्यावर मी सवयीने पाटीवर वडा-पाव घेऊन येणाऱ्या पोराला शोधलं. नव्हता. मोहरचे कडे बघितले, २१४ मीटर, छान आहेत, गर्दी भयंकर, पुढे.

पावशेर

दुष्काळी कामाच्या रस्त्यावरून आठवलं. आमच्या मराठवाड्यात १९७२ ला असेच रस्ते झालेत. माझी आजी बीडकडे खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची खायला. तो रस्ता अजून आहे, आजी असेपर्यंत एसटीतून त्या रस्त्याने जाताना "हा माझा" म्हणायची. एवढी नोंद करावीशी वाटली. लेख आवडला.

खाडीपलीकडचा

पावशेर, हे वाचून गप्प बसलो. तिसऱ्या भागात अजून एक जागा येतेय, तिथे तुमची आजी आठवेल.

मेतकूट

शाकाहारी माणसाने काय खावं हो तिकडे? आमच्या ह्यांना जायचंय पुढच्या वर्षी, मुलगी कॉर्कला आहे.

क्लच_केबल

मेतकूट ताई, मी लेटरकेनीला असते, डोनेगल. कुठल्याही पबमध्ये भाजीचं सूप आणि जाड तपकिरी सोडा ब्रेड मिळतो, थंडीत भिजून आल्यावर त्याच्यासारखं सुख नाही. सूप कशात शिजवलंय ते मात्र विचारून घ्या, कोंबडीचा स्टॉक असतो कधीकधी. आणि टोस्टेड स्पेशल मागवू नका, त्यात हॅम असतं. ठेपले, मेतकूट (हाहा) बरोबर असू द्या.

@खाडीपलीकडचा, तुम्ही डोनेगलपर्यंत पोचलात का नाही ते सांगा आधी. मला नाही वाटत पोचलात.

खाडीपलीकडचा

भाग तिसरा आणि शेवटचा.

क्लच_केबल, नाही पोचलो. का ते ह्यात आहे.

गॉलवेनंतर कनेमारा. क्लिफडनच्या अलीकडे एक रस्ता आहे तो दलदलीवर, म्हणजे पीटवर बांधलेला. पीट खाली दबतो, फुगतो, त्यामुळे डांबर लाटांसारखं झालंय, साठने गेलात तरी सीटवरून उडता, आणि मागे बांधलेलं सामान तुमच्या पाठीला थापा मारतं. जवळच डेरिगिमलाच्या दलदलीत १९१९ च्या १५ जूनला अल्कॉक आणि ब्राऊन अटलांटिक न थांबता ओलांडून विमान घेऊन उतरले, वरून हिरवं कुरण वाटलं म्हणून उतरले आणि विमानाचं नाक चिखलात. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

मग किलरी, सोळा किलोमीटर आत घुसलेली खाडी, दोन्हीकडे डोंगर, पाण्यावर दोरखंडांच्या रांगा, त्याच्यावर शिनाणे वाढवतात. खाल्ले. लसूण, क्रीम घालून करतात, ठीक आहेत, पण नारळ नाही त्याला आपण काय करणार. संध्याकाळी वारा पडला की इथे मिज नावाची चिलटं येतात, हेल्मेटच्या आत शिरतात. ज्या वाऱ्याला चार दिवस शिव्या घातल्या त्याचीच वाट बघत होतो.

किलरीवरून लुईसबर्गला जाताना डूलॉख नावाचं खोरं लागतं. लांबट काळं तळं, दोन्हीकडे डोंगर, एक घर नाही. रस्त्याकडेला साधा दगडी क्रूस. १८४९ च्या मार्चअखेरीला लुईसबर्गला शेकडो भुकेली माणसं दुष्काळी मदतीसाठी जमली होती, त्यांना सांगण्यात आलं की साहेब लोक तपासणीसाठी डेल्फीच्या बंगल्यावर आहेत, सकाळी तिकडे हजर व्हा नाहीतर नाव कमी होईल. १९ किलोमीटर. रात्रभर थंडीत चालत गेली, तिथे काही मिळालं नाही, परत फिरली आणि ह्या रस्त्याच्या कडेला मेली. त्या दगडावर खाली एक वाक्य कोरलंय, दुसऱ्या माणसाचा अपमान करून माणसाला स्वतःचा मान वाढल्यासारखा कसा वाटतो ह्या अर्थाचं, आणि त्याखाली नाव महात्मा गांधी. मी काय वाचतोय ते कळायला दोन क्षण गेले. ह्या ओसाड ठिकाणी, अटलांटिकच्या कडेला, बापू.

तर तिथे पंधरा मिनिटं थांबून वळलो आणि बघतो तर मागचं चाक बसलेलं. रिमवर.

गियरबदल, आता घ्या. माझ्याकडे स्पेअर ट्यूब होती, एकच, पुढच्या चाकाची. २१ इंची. यूट्यूबवर कोणीतरी सांगितलेलं की पुढची ट्यूब मागे चालून जाते अडीअडचणीला. नेटवर्क शून्य. सेंटर स्टँड लावला तर तो मऊ मातीत खचायला लागला, म्हणून शोधून एक सपाट दगड आणला, पुन्हा चढवला, चाक मोकळं केलं, चेन उतरवली, हात कोपरापर्यंत काळे. टायरची कड रिमपासून सुटेना. टाचांनी नाचलो त्याच्यावर, अक्षरशः, कोणी बघितलं असतं तर दशावतार चाललाय वाटलं असतं. सुटली शेवटी. आत मेंढ्यांच्या कुंपणाला मारतात ती यू आकाराची चूक, अर्धा इंच रुतलेली, ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी.

लहानपणी शृंगारतळीला पंक्चरवाल्याकडे तासन्‌तास उभा असायचो, त्यामुळे पद्धत पाठ. तळ्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे बघितले, पुसली, घासकागदाने घासली, सोल्यूशन लावलं, फुंकत बसलो. पण हवेतच ओल हो! ते सोल्यूशन वाळेचना. पॅच लावला, दाबला, हवा भरली, पाच मिनिटांत सीss करून कडेने सुटला. परत केलं. परत सुटला. आणि रिमझिम सुरू.

तेवढ्यात एक शेतकरी आला पिकअपमधून, मागे कुत्रा. उतरला, बघितलं, काही बोलला नाही, गाडीतून ताडपत्री काढून माझ्यावर आणि चाकावर धरून उभा राहिला. मी २१ ची ट्यूब कोंबली, जास्तीची जागा घड्या पडू न देता पसरवत, देवाचं नाव घेत. त्याच्याकडे बारा व्होल्टचा पंप होता, त्याने हवा भरली. मग त्याने विचारलं ही एनफिल्ड का, म्हटलं हो, चेन्नईची. तर म्हणाला माझ्या काकाकडे होती, पण ती इंग्रज होती. मी म्हटलं होय, १९५५ पासून आमच्याकडे मद्रासला बनायला लागली, तिकडची केव्हाच बंद पडली. हे ऐकून तो एवढा खूश झाला की काय सांगू, दोन वेळा म्हणाला, तुम्ही ठेवली, त्यांची गेली. पैसे घ्यायला तयार नाही. मी डबीतले शंकरपाळे दिले, एक स्वतः खाल्ला, एक कुत्र्याला.

वेस्टपोर्टपर्यंत पन्नासच्या वर गेलो नाही. दुसरा दिवस ट्यूब शोधण्यात गेला, दुकानदार म्हणाला सतरा इंची मागवावी लागेल, उद्या दुपार. म्हणजे डोनेगल गेलं. ट्यूब आल्यावर अकिल बेटावर गेलो, कीमचा किनारा बघितला, वरून रस्ता खाली घसरतो आणि खाली हिरवंनिळं पाणी, खरं वाटत नाही. बंदरावर ताजा बांगडा मिळाला, इथला बांगडा आपल्यापेक्षा लांब आणि अंगावर वाघासारखे पट्टे, स्टोव्हवर मालवणी मसाला लावून भाजला, रात्री दहाला पण उजेड होता. दहाव्या दिवशी घरी. ओडोमीटरवर १९८०, त्यातले ह्या रस्त्याचे १४०० च्या आसपास.

गियरबदल

वास आला होता म्हटलं ना. सांगतो ते रागाने घेऊ नका. २१ ची ट्यूब १७ च्या चाकात जाते, पण आत घडी पडतेच, आणि ती घडी चालताना घासते, तापते, आणि मग फाटते, पंक्चर नाही, फाटते. मागचं चाक एकदम बसलं तर ४११ कशी नाचते ते मी बघितलंय. पन्नासने गेलात तेच वाचवलं. पॅच सुटला कारण ट्यूब नीट कोरडी नव्हती. तळ्यात बुडवायची गरज नव्हती, थुंकी लावून पण भोक कळतं. आणि ओल्या हवेत सोल्यूशन लावल्यावर चाक बाजूला ठेवून ट्यूब गरम सायलेन्सरजवळ धरायची, चिकटवायची नाही, जवळ. दोन मिनिटांत वाळतं.

खाडीपलीकडचा

सायलेन्सर! डोक्यातच नाही आलं. शेजारी गरम गाडी उभी आणि मी तोंडाने फुंकतोय.

शंकासूर

म्हणजे धाग्याचं नाव २५०० किमी आणि झाले १४००. वाईल्ड अटलांटिक वे "केला" असं म्हणता येणार नाही मग.

खाडीपलीकडचा

शंकासूर, नावातच "झाले किती ते वाचा" लिहिलंय. आणि नाहीच म्हणत मी केला म्हणून. सुरुवातीचे तीन दिवस मी पाट्या मोजत होतो, एवढे झाले एवढे राहिले. पावसात बसलो त्या दिवसानंतर मोजणं बंद झालं आणि तिथून पुढचंच मला सगळं नीट आठवतंय. परत जाईन तर दिवसाला किनाऱ्याचं एक बोट, शंभर सव्वाशे किमी, बास.

क्लच_केबल

माझा राग वेगळा आहे. अकिलपर्यंत गेलात आणि शेजारी ब्लॅकसॉडला गेला नाहीत?? जून १९४४ मध्ये तिथल्या पोस्टात मॉरीन फ्लॅव्हिन नावाची मुलगी काम करायची, हवामानाच्या नोंदी घेऊन पाठवायचं काम पण तिच्याकडे. ३ जूनला, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला, तिने बॅरोमीटर झपाट्याने खाली जातोय ती नोंद पाठवली. त्या नोंदीवरून वादळ येतंय हे कळलं आणि नॉर्मंडीवरची चढाई ५ तारखेची ६ वर ढकलली. तिला स्वतःला हे कितीतरी वर्षांनी कळलं. २०२३ मध्ये शंभर वर्षांची होऊन गेली. तिथल्या दीपगृहापाशी उभं राहून वारा खाल्ला की मग कळतं वारा मोजणं म्हणजे काय. तुम्ही वाऱ्यावर एवढं लिहिलंत म्हणून सांगितलं.

आता डोनेगल. स्लीव्ह लीगचे कडे ६०१ मीटर, मोहरच्या जवळजवळ तिप्पट, आणि गर्दी त्याच्या दहाव्या हिश्शाने. ग्लेनगेश घाट अर्डाराकडून चढा, उलटा नको, उतारावरचं तीव्र वळण ओलं असलं की वाईट आहे. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी असते ती सरळ ओलांडा, बाईक उभी ठेवून, ब्रेक आणि झुकणं दोन्ही बंद. मी पहिल्याच वर्षी तिथे साष्टांग नमस्कार घातलाय. मॅलिन हेडला जमिनीवर दगडांनी मोठ्ठं एरे (आयरिशमध्ये आयर्लंड) लिहिलंय, दुसऱ्या महायुद्धातलं, वरच्या वैमानिकांना कळावं की हा तटस्थ देश आहे.

एक महत्त्वाचं, भारतीय पासपोर्टवाल्यांनी वाचा. लेटरकेनीहून डब्लिनला जवळचा रस्ता स्ट्रबेन, ओमावरून जातो, तो उत्तर आयर्लंड, म्हणजे यूके. सीमेवर चौकी नाही, काही नाही, पाट्या किलोमीटरच्या मैल होतात तेवढंच कळतं. पण इथला रहिवासी परवाना असला तरी आपल्याला यूकेचा व्हिसा लागतो. अपघात झाला, पोलिसांनी थांबवलं, तर काय सांगाल? म्हणून मी स्लायगोवरून फिरून जाते, वेळ लागतो, लागू दे.

मेतकूट

क्लच_केबल, तुम्ही स्वतः चालवता बाईक? एकट्या? कौतुक वाटलं. लायसन्स कसं काढलंत?

क्लच_केबल

हो ताई, ४११ च, सीट ८०० मिमीवर आहे, माझी उंची पाच दोन, टोकांवर पाय टेकतात, जमतं. नर्सिंगच्या नाईट ड्युटीनंतर सकाळी रिकाम्या रस्त्याने फॅनड दीपगृहापर्यंत जाऊन येते, मग झोप छान लागते.

लायसन्सचं असं. फिरायला आलेल्या माणसाला भारतातलं लायसन्स चालतं, बाईकचा शिक्का हवा त्यावर, भाड्याने देणारे बहुतेक इंटरनॅशनल परमिट पण मागतात. राहायला आलात की ते बदलून मिळत नाही, पहिल्यापासून सुरुवात. थिअरी, लर्नर परमिट, सोळा तासांचं सक्तीचं ट्रेनिंग, मग टेस्ट. तोपर्यंत अंगावर एल लिहिलेलं पिवळं जाकीट घालून फिरायचं, मोटरवे बंद, मागे कोणाला बसवायचं नाही. पुण्यात बारा वर्षं स्कूटी चालवलेली मी, आणि सर मला शिकवतायत की वळताना मागे वळून बघायचं असतं. पण खरं सांगू? नव्हते बघत मी पुण्यात.

पावशेर

पुण्यात कोणीच नाही बघत. चालू द्या.

गियरबदल

आता पुण्यावर धागा नेऊ नका, तीनशे प्रतिसाद होतील.

खाडीपलीकडचा

क्लच_केबल, वाचनखूण साठवली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी टाकतोय. वेस्टपोर्टला जिथे सोडलं तिथूनच सुरू, ब्लॅकसॉड, स्लायगो, मग तुमच्याकडे वर. आठ दिवस, काही ठरवलेलं नाही. कोकम, फणसपोळी काही हवं असेल तर सांगा, आई आलीये गावाहून.

क्लच_केबल

फणसपोळी!!! विचारता काय. आणि मागच्या चाकाची ट्यूब घेतलीत का?

खाडीपलीकडचा

दोन घेतल्यात. एक तुमच्यासाठी.